माल जहाजावर चढण्याआधीची माहिती: निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ असलेल्या एका फॉरवर्डरच्या, म्हणजे निर्यातदारांसाठी मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याच्या, कार्यालयात मी गेली अकरा वर्षे निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते आहे. दरवर्षी निकाल लागले की वाणिज्य शाखेची पदवी किंवा परदेशी व्यापाराची पदविका घेतलेली दोन-तीन मुले-मुली आमच्याकडे शिकायला येतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल हे त्यांना महिन्याभरात जमते. अडते ते एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे माल ज्या देशात उतरणार आहे तेथील सीमाशुल्क खात्याला, माल जहाजावर चढण्याआधीच, सुरक्षिततेसाठी द्यायची माहिती. आमच्याकडचा माल अडकतो तोही बहुतेक वेळा इथेच, म्हणून या एकाच विषयावर सविस्तर लिहीत आहे.

पहिला गोंधळ दूर करू. शिपिंग बिल हे आपल्या सीमाशुल्क खात्यासाठी असते. ते आइसगेट या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर दाखल होते आणि ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, म्हणजे निर्यातीची परवानगी, मिळाली की भारताच्या बाजूने माल मोकळा होतो. पण तोच माल रॉटरडॅम किंवा हॅम्बर्गला जाणार असेल, तर युरोपीय संघाच्या सीमाशुल्क खात्याला त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. तिला एन्ट्री समरी डिक्लरेशन म्हणतात, बोलताना सगळे नुसते ‘ईएनएस’ म्हणतात. समुद्रमार्गे दूरवरून येणाऱ्या कंटेनरसाठी ही माहिती, ज्या जहाजातून माल युरोपात शिरणार त्यावर तो चढण्याच्या किमान चोवीस तास आधी पोहोचली पाहिजे. शिपिंग लाइन, म्हणजे जहाज कंपनी, स्वतःची कट-ऑफ, म्हणजे माहिती घेण्याची शेवटची वेळ, त्याहून आधीची ठेवते, त्यामुळे आपल्या हातात असलेला वेळ चोवीस तासांच्या हिशेबाने कधीच मोजू नये. बुकिंगच्या कागदावर छापलेली वेळ हीच आपली वेळ.

ही पद्धत कशी आली हे थोडक्यात माहीत असावे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने माल जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी त्याची यादी मागायला सुरुवात केली. २००५ मध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेने ‘सेफ’ नावाची चौकट स्वीकारली, तिच्यात आगाऊ माहितीला मध्यवर्ती स्थान मिळाले. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या हवाई पार्सलांत, प्रिंटरच्या काडतुसांत लपवलेली स्फोटके दुबई आणि इंग्लंडमधील ईस्ट मिडलँड्स विमानतळावर सापडली. माल पोहोचल्यावर तपासून उपयोग नाही, तो चढण्याआधीच पारखला पाहिजे, हे त्यानंतर सर्वांना पटले. युरोपची सध्याची यंत्रणा, म्हणजे आयसीएस-२, टप्प्याटप्प्याने आली. १५ मार्च २०२१ पासून टपाल व कुरिअरचा हवाई माल, १ मार्च २०२३ पासून सर्व हवाई माल आणि ३ जून २०२४ पासून समुद्रमार्ग तिच्याखाली आला. सागरी मालाच्या हाऊस बिलाच्या, म्हणजे फॉरवर्डर आपल्या ग्राहकाला देतो त्या वाहतुकीच्या बिलाच्या, पातळीवरची माहिती भरणाऱ्यांचा टप्पा ४ डिसेंबर २०२४ ला सुरू झाला, आणि आमच्यासारख्या कार्यालयांचे काम खऱ्या अर्थाने बदलले ते तेव्हा.

त्यानंतरच्या जानेवारीत आमच्या हातून झालेली चूक मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. अंबडच्या एका कारखान्याचे दोन पॅलेट हॅम्बर्गला जायचे होते. माल थोडा असल्यामुळे तो एलसीएल होता, म्हणजे इतर निर्यातदारांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये. कारखान्याच्या इन्व्हॉइसवर ‘ऑटो पार्ट्स’ असे लिहिले होते आणि सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा संकेतांक मोटारींच्या सुट्या भागांचा, म्हणजे ८७०८ ने सुरू होणारा होता. तो मी जसाच्या तसा उतरवला. असे कंटेनर एकत्र भरणाऱ्या कन्सॉलिडेटरकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला की हे वर्णन चालणार नाही. ‘पार्ट्स’, ‘मशिनरी’, ‘फूडस्टफ’ असल्या मोघम शब्दांवरून डब्यात काय आहे हे कोणालाच कळत नाही, म्हणून युरोपीय यंत्रणेत ते स्वीकारले जात नाहीत. नेमके वर्णन विचारायला मी कारखान्यात फोन केला, तर विक्री विभागातल्या माणसालाही ते सांगता येईना. शेवटी मी स्वतः अंबडला गेले. पॅकिंगच्या टेबलावर ठेवलेला नग हातात घेतला तेव्हा कळले की ती घडीव पोलादाची, कडेने चार छिद्रे पाडलेली गोल चकती आहे, म्हणजे पाइप जोडायची साधी फ्लँज. फ्लँज मोटारीत बसवली तरी तिचे वर्गीकरण मोटारीच्या भागांत होत नाही. सर्वसाधारण वापराचे भाग ८७०८ मधून वगळलेले आहेत, आणि अशा, स्टेनलेस नसलेल्या, पोलादी फ्लँजचा सहा अंकी संकेतांक ७३०७९१ आहे. वर्णन शोधायला गेले आणि संकेतांकच चुकीचा निघाला. तोपर्यंत शिपिंग बिल दाखल झालेले होते, त्यामुळे सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. त्या गडबडीत कंटेनर आमचे पॅलेट न घेताच बंद झाला. कारखान्याचा माल पुढच्या जहाजाने गेला आणि त्यांच्या ग्राहकाकडे त्याबद्दल उत्तर आम्हाला द्यावे लागले.

कन्सॉलिडेटरने आमचे पॅलेट मागे ठेवले हे मला त्या वेळी कठोर वाटले होते, आता तसे वाटत नाही. एलसीएल कंटेनरमध्ये एकाची माहिती अपुरी राहिली तर त्याच डब्यातल्या बाकी सर्वांचा माल धक्क्यावर थांबू शकतो. पूर्ण कंटेनर थेट शिपिंग लाइनच्या बिलावर जात असेल तर ईएनएस लाइन भरते. मध्ये फॉरवर्डरचे हाऊस बिल असेल तर हाऊस पातळीची माहिती एकतर फॉरवर्डरने स्वतः भरायची किंवा लाइनला वेळेत द्यायची. बुकिंग करतानाच ‘तुमच्याकडून भरणार की आमच्याकडून’ हे लेखी विचारून घ्या. दोघांनीही दुसरा भरेल असे गृहीत धरल्याचे मी पाहिले आहे.

नाशिकमध्ये काम करायचे म्हणजे जानेवारी ते एप्रिल द्राक्षे आलीच. इथे वर्णनाची अडचण नसते. ‘ताजी खाण्याची द्राक्षे’ आणि ०८०६१० एवढे पुरते. बेदाणा असेल तर ०८०६२०, हा फरक मात्र ध्यानात ठेवा. द्राक्षांची खरी अडचण दोन रकान्यांत असते. पहिला रकाना वजनाचा. अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे, असलेले खोके पाच किलोचे म्हणून ओळखले जाते आणि नवी मुले खोक्यांची संख्या गुणिले पाच करून मोकळी होतात, पण ईएनएसमध्ये एकूण वजन लागते, म्हणजे पनेट, खोके, पॅड हे सगळे धरून. पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून गाडी निघण्याआधी शेवटच्या तपासणीत काही खोकी बाजूला काढली जातात, त्यामुळे संख्याही बदलते. म्हणून पॅकहाऊसच्या सुपरवायझरशी रात्री उशिरा का होईना बोलल्याशिवाय आकडा पक्का करू नये.

दुसरा रकाना विक्रेता आणि खरेदीदाराचा. आपली पुष्कळ द्राक्षे कन्साइनमेंटवर जातात. तिकडचा आयातदार माल विकून, आपले कमिशन कापून पैसे पाठवतो. जहाज सुटते तेव्हा विक्री झालेलीच नसते, मग खरेदीदार कोण लिहायचा, हा प्रश्न आला की नवखी मुले आयातदाराचे नाव टाकून देतात. माल खरेदी-विक्रीशिवाय जात असेल तर तिथे मालाच्या मालकाची माहिती अपेक्षित असते, आणि विक्री होईपर्यंत मालक आपला निर्यातदारच असतो. आयातदार कन्साइनी, म्हणजे माल ज्याच्या नावे जातो तो, म्हणून त्याच्या रकान्यात जातो, त्याच्या इओरी क्रमांकासह, म्हणजे युरोपीय सीमाशुल्क नोंदणीच्या क्रमांकासह. हा क्रमांक आयातदाराच्या पत्रावरून नुसता उतरवू नका. युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर तो वैध आहे की नाही हे कोणालाही तपासता येते, त्याला मिनिटभरही लागत नाही.

याच हंगामात आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. इंग्लंडला जाणारा कंटेनर युरोपीय संघाबाहेर उतरणार, म्हणून त्याला ईएनएस लागणार नाही, असे वाटते. पण जहाज वाटेत रॉटरडॅमला थांबणार असेल तर जहाजावरच राहणाऱ्या, तिथे न उतरणाऱ्या मालाचीही माहिती द्यावी लागते. ब्रिटनचे सुरक्षा-घोषणापत्र त्याशिवाय वेगळे. म्हणून जहाजाचे वेळापत्रक मागवून मधली बंदरे वाचा.

अमेरिकेच्या मालाची तऱ्हा निराळी आहे. तिथे २००९ पासून ‘टेन प्लस टू’ नावाची पद्धत आहे, तीत आयातदाराला दहा गोष्टी आणि जहाज कंपनीला दोन गोष्टी द्याव्या लागतात. जबाबदारी आयातदाराची, आणि चुकीसाठी प्रत्येकी पाच हजार डॉलरपर्यंत दंडही त्यालाच होऊ शकतो. पण उत्पादकाचे नाव-पत्ता आणि कंटेनर कुठे भरला ही माहिती इथूनच जाते. नाशिकमधले व्यापारी-निर्यातदार उत्पादकाचे नाव द्यायला कचरतात, कारण उद्या ग्राहक थेट कारखान्याशी बोलू लागेल ही भीती त्यांना असते. ती भीती खरी आहे, तिला हसू नका. पण त्यावर उपाय म्हणून स्वतःच्या कार्यालयाचा पत्ता ‘उत्पादक’ म्हणून देणे ही खोटी माहिती ठरते, आणि असे कागद मी करत नाही. अशा वेळी ती माहिती ग्राहकाकडे न पाठवता, त्याच्या वतीने घोषणापत्र भरणाऱ्या एजंटाकडे थेट पाठवण्याची सोय मागता येते. हे ऑर्डर पक्की होतानाच ठरवावे लागते. डबा न्हावा शेवाला पोहोचल्यावर ते बोलणे शक्य नसते.

माहिती गेल्यानंतर तिकडून प्रश्न येऊ शकतो, किंवा ‘चढवू नका’ असा आदेश येऊ शकतो. दुसरा प्रकार माझ्या अनुभवात एकदाही आला नाही, पण प्रश्न नेहमी येतात. प्रश्न आला म्हणजे आपल्यावर संशय आहे, असे समजून पहिल्या वर्षी मुले घाबरतात आणि मागितलेले-न मागितलेले सगळे कागद पाठवतात. विचारले असेल तेवढ्याचेच, नेमके आणि त्याच दिवशी उत्तर द्या. मालाचा वापर विचारला असेल तर कारखान्याकडून दोन ओळी घ्या आणि नगाचा फोटो जोडा. अंबडच्या त्या फ्लँजचा मी त्या दिवशी मोबाइलवर काढलेला फोटो आमच्या फाइलमध्ये आजही आहे, आणि त्याच कारखान्याच्या पुढच्या एका खेपेबद्दल प्रश्न आला तेव्हा तोच पाठवून तासाभरात उत्तर देता आले.