कोबेची शाई पहिल्यांदा भरताना

जपानमधल्या कोबे शहरात नागासावा नावाचं स्टेशनरीचं जुनं दुकान आहे. जानेवारी १९९५ च्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झालं. ते पुन्हा उभं राहिल्यावर या दुकानाने २००७ पासून शहरातल्या एकेका जागेच्या नावाने फाउंटन पेनची शाई काढायला सुरुवात केली. पहिली रोक्को डोंगराची हिरवी, दुसरी बंदरातल्या धक्क्याची निळी. तिसरी सेपिया, म्हणजे तपकिरी, १८६८ साली बंदर खुलं झाल्यावर परदेशी लोकांसाठी वसवलेल्या जुन्या वस्तीची. शाई तयार करते सेलर कंपनी, पण रंग कोबेचे. बाटली ५० मिलिलिटरची. आपल्याकडे ती बहुतेक वेळा कुणी येणारं-जाणारं असेल तरच मिळते, म्हणून पहिल्या भरणीत घाई करू नका.

बाटलीत पेन थेट बुडवू नका. नीबला आधीच्या शाईचा अंश असतो, हाताची घाण असते, आणि एकदा बाटलीत बुरशी धरली की ती शाई टाकूनच द्यावी लागते. कोऱ्या सिरिंजने २ मिलि शाई छोट्या कुपीत काढा, कुपीवर नाव आणि तारीख लिहा, बाटली खोक्यात घालून अंधारात ठेवा. कुपीत उरलेली शाई पुन्हा बाटलीत ओतायची नाही.

पेन साधं, कन्व्हर्टरवालं घ्या, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी, काढता येणारी नळी असलेलं. कन्व्हर्टरमध्ये जेमतेम पाऊण मिलि शाई मावते. म्हणजे एका बाटलीत साठ-पासष्ट वेळा पेन भरेल. ड्रॉपरने थेट पेनाच्या नळीत शाई भरायचं इबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन मलाही फार आवडतं, पण त्यात एका वेळी दोन-तीन मिलि जाते. ओळख नसलेल्या शाईसाठी ते नको.

आता पेन धुणं. सगळे इथेच चुकतात आणि मीही चुकले. "नळाखाली धर, पाणी स्वच्छ आलं की झालं" हा सल्ला मला मिळालेल्या सल्ल्यांमधला सगळ्यात वाईट. त्याच भरवशावर मी रोक्कोची हिरवी भरली आणि कागदावर उतरला तो पाणचट, पोपटीकडे झुकलेला रंग. तीन पानं लिहिली तरी तेच. शाईच खराब निघाली असं समजून मी ती कुपी मोरीत ओतली. दोन महिन्यांनी दुसऱ्या, पूर्ण कोरड्या पेनात तीच शाई भरली तेव्हा गर्द, सावलीतल्या झाडीसारखा हिरवा दिसला. तो मला पहिल्याच दिवशी दिसायला हवा होता.

कारण असं आहे. नीबखालच्या जिभेला, म्हणजे नीबपर्यंत शाई आणणाऱ्या भागाला, बारीक खाचा असतात. शाई एकदम गळू नये म्हणून त्या ती धरून ठेवतात, आणि पाणीही तितकंच घट्ट धरतात. शिवाय नीब आणि जीभ यांच्या फटीत जुनी शाई बसलेली असते. नळाचं पाणी सोप्या वाटेने जातं, या फटीत शिरत नाही. त्यामुळे खाली स्वच्छ पाणी पडतं आणि आत जुनी शाई आणि पाणी दोन्ही शिल्लक राहतात.

मी आता हे असं करते. साध्या पाण्याने कन्व्हर्टर दहा-बारा वेळा भरायचा, रिकामा करायचा. मग पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकून त्यात नीबचा भाग दोन तास बुडवून ठेवायचा. गरम पाणी नाही, स्पिरिट तर अजिबात नाही, त्याने काही पेनांचं प्लास्टिक कायमचं खराब होतं. मग साबणाचा अंश जाईपर्यंत हिसळायचं. साबण राहिला तर शाई कागदावर फुटते आणि दोष कागदाला दिला जातो. आधीच्या भरणीत आयर्न गॉल जातीची, म्हणजे लोहाचा अंश असलेली शाई असेल तर हे सगळं दोनदा करा. दोन शाया जिभेत मिसळल्या तर गाळ धरू शकतो.

धुणं संपलं तरी काम निम्मंच झालेलं असतं. कन्व्हर्टर काढून नीबचा भाग जुन्या सुती फडक्यात गुंडाळा, घट्ट धरा आणि थर्मामीटर झटकतात तसा चार-पाचदा झटका. फडक्यावर शाईचा फिकट डाग उमटला तर परत पाण्यात. डाग नसेल तर पेल्याच्या तळाशी टिश्यूची घडी ठेवा आणि नीब खाली करून त्यावर उभा करा. टिश्यू रात्रभर आतलं पाणी ओढून घेतो. सकाळी नवा टिश्यू नीबच्या टोकाला दहा सेकंद लावून बघा. तो कोरडा राहिला तरच शाई भरा. पावसाळ्यात एका रात्रीत हे होत नाही, मी दोन रात्री ठेवते.

कुपीतून शाई भरा, नीब पुसा.

कागद गुळगुळीत आणि कोरडा हवा. जूनमध्ये उघड्यावर राहिलेली वही सादळलेली असते, तिच्यावर कुठलीही शाई फुटते. पहिल्या चार ओळी हिशेबात धरू नका, पुढे सलग अर्धं पान लिहा. देवनागरीचा इथे मोठा फायदा आहे. लांब शिरोरेघ एका दमात ओढली की तिच्या शेवटी शाई साचते, तिथे गडद छटा दिसते. ळ आणि ठ च्या वळणात ती कशी उतरते तेही बघा. पानाच्या कोपऱ्यात एक टपोरा थेंब पडू द्या, काही शायांची चमक तिथेच दिसते. शेजारी शाईचं नाव, पेन, नीब, कागद, तारीख लिहून ठेवा.

रंगाचा निर्णय दुसऱ्या दिवशी, खिडकीतल्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली निळी आणि हिरवी यांतला फरक नीट कळत नाही. मग एका शब्दावर पाण्याचा थेंब टाकून मिनिटभराने टिपकागदाने टिपा. ही पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई आहे, पाण्याने पसरते. चेक आणि सरकारी अर्ज हिने लिहू नका.

पेन रोज चालवणार नसाल तर दोन-तीन आठवड्यांत रिकामं करून धुवा, आत शाई वाळू देऊ नका. पहिलं पान मात्र जपा. पुढच्या वेळी वेगळ्या नीबने लिहाल तेव्हा ते शेजारी लागेल.