घरासाठी एजंट नेमताय? आधी तो कुणाच्या बाजूने आहे ते लिहून घ्या

घर घ्यायला एजंट नेमायचा म्हटलं की सल्ले सुरू होतात, अनुभवी बघा, ओळखीतला बघा, गोडबोल्या नको. ओळखीतला असला म्हणजे तो तुमच्या बाजूने भांडेल असं अजिबात नाही, उलट ओळखीत आपण पैशाचं स्पष्ट बोलायला लाजतो आणि तिथेच फसतो. मी हे काम स्वतःसाठी आणि नातेवाईकांसाठी बऱ्याचदा केलंय, खरी मेख एकाच ठिकाणी आहे, त्याची फी कोण देणार आणि कशी देणार. बाकीचं पटकन सांगतो.

बजेट, कर्जाची पूर्वमंजुरी, भाग, किती खोल्या, हे सगळं आधी ठरलेलं असू द्या. दोन-तीन एजंटांना भेटा. नोंदणी तपासा. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे (बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत प्रकल्पातल्या घराच्या व्यवहारात पडणाऱ्या एजंटला स्वतःची रेरा नोंदणी लागतेच, त्यामुळे नंबर मागा आणि त्या राज्याच्या रेरा वेबसाइटवर टाकून बघा, नुसता कार्डावर छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या भेटीत "तुमच्याकडे काय काय आहे?" असं विचारूच नका, कारण मग तो त्याला खपवायची असलेलीच घरं काढतो. त्याऐवजी विचारा, "या व्यवहारात माझ्याशिवाय तुम्हाला अजून कोण पैसे देणार?" आणि गप्प बसा. सरळ माणूस लगेच सांगतो की अमुक बिल्डरकडून कमिशन मिळतं, किंवा विकणाराही माझाच क्लायंट आहे. "ते तुम्ही नका टेन्शन घेऊ" असं उत्तर आलं तर चहा संपवा आणि उठा. आणि एजंट तुमच्याकडून काहीच घेत नाही म्हणजे तो फुकटात काम करतोय असं समजू नका, त्याचे पैसे समोरचा देतोय आणि ते धरूनच किंमत सांगितली जाते. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही, पण तो तुमच्यासाठी भाव पाडून मागेल ही अपेक्षा सोडा, आणि तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता किंवा तुम्हाला किती घाई आहे हे त्याला चुकूनही सांगू नका.

मग फी. टक्केवारीवर मला सुरुवातीला बोलताच यायचं नाही, सगळे तेच घेतात म्हटलं की मी मान डोलवायचो. पण नीट बघा, घर जितकं महाग तितकी त्याची फी जास्त, म्हणजे त्याने घासाघीस करून किंमत उतरवली तर त्याचेच पैसे कमी होणार. "जेवढे वाचवीन त्यातला हिस्सा द्या" हेही ऐकायला गोड आहे, पण वाचले कशावरून मोजायचं? सांगितलेली किंमतच फुगवलेली असेल तर न वाचलेल्या पैशांवर तुम्ही हिस्सा देत बसाल. माझं मत ठाम आहे, ठरावीक रक्कम, आकड्यात लिहिलेली, आणि देणं टोकनच्या (घर पक्कं करायला द्यायच्या आगाऊ रकमेच्या) वेळी नाही तर खरेदीखत नोंदवल्यावर. टोकनवर फी मिळाली की पुढे कागदपत्रात काही निघालं तरी त्याला काय फरक पडतो!

हे सगळं घर बघायला निघायच्या आधी लिहून घ्या. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक एजंटांना घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावाच लागतो आणि त्यात फी स्पष्ट लिहावी लागते, ती मोघम ठेवून चालत नाही. तुमच्याकडे असा नियम असो नसो, तुम्ही आग्रह धरा. मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. तुम्ही स्वतः शोधलेल्या घरावर फी नाही हे वाक्य हवंच. आणि करार संपल्यानंतरचं कलम दोनदा वाचा, तिथे कधीकधी असं मोघम काहीतरी असतं की नंतर तुम्ही कुठलंही घर घेतलं तरी फी लागू. ते खोडून "फक्त सोबतच्या यादीतली, एजंटने प्रत्यक्ष दाखवलेली घरं" असं करून घ्या आणि प्रत्येक भेटीनंतर त्या यादीत पत्ता आणि तारीख टाकून दोघांनी सही करा. कंटाळवाणं वाटतं पण भांडण इथेच मिटतं.

घर बघताना एजंटकडे पण बघा. चांगला माणूस गॅलरीतल्या व्ह्यूचं कौतुक करत बसत नाही, तो बाथरूमचा नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, छताचे कोपरे बघतो, आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर मालकाला विचारतो की हिच्या मागे काय आहे. तुम्हाला घर आवडलेलं असताना "हे घेऊ नका" म्हणणारा एजंट मिळाला तर त्याला सोडू नका.

टायटल, म्हणजे घराची मालकी खरंच विकणाऱ्याची आहे का, हे तपासायला वकील तुमचा तुम्ही शोधा, एजंटने सुचवलेला नको, तो कितीही चांगला असला तरी. वकिलाने हिरवा कंदील दिल्याशिवाय मोठी रक्कम हलवायची नाही. खरेदीखत नोंदवून झालं की ठरलेली फी त्याच दिवशी बँकेतून द्या आणि पावती घ्या.