मराकेशच्या जुन्या घरातलं पहिलं जेवण

मोरोक्कोतल्या मराकेशला नव्याने राहायला आलात की कधी ना कधी जुन्या शहरातल्या रियादमध्ये रात्रीच्या जेवणाचा योग येतोच. रियाद म्हणजे मधोमध बाग-कारंजं आणि भोवती खोल्या असलेलं घर. बोळातून दिसते ती फक्त मातकट भिंत आणि एक दार. आतला चौक पाहून आपला वाडा आठवतो. गाडी दारापर्यंत जात नाही. बाब दुक्काला या जुन्या शहराच्या वेशीपाशी उतरा, आणि तिथे घ्यायला माणूस पाठवा असं आधीच कळवा. रात्री त्या बोळांत फोनवरचा नकाशा फसवतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मांस खात नसाल तर टेबल राखतानाच सांगा. नुसतं ‘बला ल्हम’, म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नका. सात भाज्यांचा कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, दिसतो शाकाहारी, पण तो बहुतेक वेळा मांसाच्याच रश्श्यावर शिजलेला असतो. रश्श्याला इथे ‘मर्का’ म्हणतात, तेव्हा मर्काही भाज्यांचाच हवा, हे स्पष्ट सांगा. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘बेग्री’, म्हणजे गोमांस, हा शब्द लक्षात ठेवावा. मी पहिल्या वर्षी संकोचाने गप्प राहिलो आणि पाव खाऊन उठलो. यजमानांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बसलात की पितळी भांडं आणि झारी घेऊन कुणी हातावर पाणी घालेल. त्या भांड्याला इथे ‘तास’ म्हणतात. आपल्याकडच्या तस्ताचंच काम ते करतं. मग येतात छोट्या वाट्या: झालूक, टाकटूका (भाजलेल्या ढोबळी मिरची-टोमॅटोची), जिरं लावलेली गाजरं. झालूक म्हणजे वांग्या-टोमॅटोचं लसूण घातलेलं भरीतच. इथे पोट भरू नका, खरं जेवण पुढे आहे. बस्तिला येईल, म्हणजे पातळ पदरांत सारण भरलेली भाजलेली पाय. तिचे वर्का नावाचे पदर उपड्या तापल्या तव्यावर पिठाचा गोळा टेकवत टेकवत करतात. खापरावरचे मांडे पाहिलेल्या खानदेशी माणसाला ते बघून भरून येईल. आत कबुतर किंवा कोंबडी, बदाम, आणि वर साखर-दालचिनी. हे गोड-खारट पहिल्या घासाला विचित्र लागतं. तीन घास तरी खा.

ताजिन, म्हणजे निमुळत्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, त्या भांड्यासकट मधे ठेवतात, सगळे त्यातूनच खातात. उजव्या हाताने, पावाच्या तुकड्याने, आपल्या समोरच्या भागातूनच घ्यायचं. चांगला तुकडा यजमान तुमच्याकडे सरकवतील, नको म्हणू नका. पोट भरलं की ‘सफी, ल्हम्दुलिल्ला’ म्हणा, म्हणजे ‘बस, देवाची कृपा’. तरी आग्रह होईलच, तो आपल्याला नवा नाही.

शेवटी पुदिन्याचा चहा, उंचावरून ओतलेला, भरपूर गोड. साखर नको असेल तर चहा करायच्या आधीच सांगा, कारण ती किटलीतच पडते. आणि निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून आतल्या बाईंना ‘बनीन’ म्हणा, म्हणजे रुचकर होतं. त्या सकाळपासून उभ्या असतात.