हलाल माल परदेशी पाठवताय? या चुका टाळा

भोसरीतल्या बिस्किटांच्या कारखान्यात खरेदी माझ्याकडे आहे. मलेशियाची ऑर्डर आली की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपला माल शुद्ध शाकाहारी, त्यात हलालचा काय प्रश्न?" तिथेच पहिला पाय घसरतो. हिरवा ठिपका शाकाहारापुरता. व्हॅनिला इसेन्स कशात विरघळवलाय, हे तो सांगत नाही, आणि पुष्कळदा ते अल्कोहोल असतं, ज्यावर हलालमध्ये हरकत येऊ शकते. पुरवठादाराकडून लेखी घ्या.

आम्हाला खरा फटका बसला तो गोणीत. ई-४७१ हे इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) पाम तेलापासूनही बनतं, प्राण्यांच्या चरबीपासूनही. नाव मात्र एकच. नेहमीचा माल संपला होता, व्यापाऱ्याने "सेम टू सेम आहे साहेब" म्हणत गोण्या उतरवल्या. स्टोअरमधल्या पोराने २५ किलोच्या गोणीवरचं स्टिकर सहज नखाने खरवडलं, तर खाली भलत्याच उत्पादकाचं नाव! आमच्या फाइलमधलं हलाल प्रमाणपत्र नेहमीच्या उत्पादकाचं. माल पाम तेलाचा असेलही, पण सिद्ध कशानं करणार? तीन दिवस लाइन बंद. आता गोणीवरचा उत्पादक आणि बॅच नंबर कागदाशी जुळल्याशिवाय चलनावर सही होत नाही. व्यापारी कुरकुरतात. कुरकुरू देत.

अंतिम मालाची लॅब टेस्ट स्वच्छ आली म्हणूनही निर्धास्त राहू नका. २००१ मध्ये इंडोनेशियात अजिनोमोटो कंपनीला चव वाढवणारी आपली पावडर बाजारातून परत घ्यावी लागली. पावडरीत डुकराचा अंश नव्हता. पण ती जिवाणूंच्या मदतीने बनते, आणि ते जिवाणू वाढवण्याच्या माध्यमासाठी डुकराचं एन्झाइम वापरलं गेलं होतं. हे लॅबला दिसत नाही, विचारावंच लागतं.

प्रमाणपत्र कुणाचं, हेही पाहा. मलेशियाला 'जाकिम'ने, म्हणजे तिथल्या हलाल पाहणाऱ्या सरकारी खात्याने, मान्य केलेली संस्था लागते; इंडोनेशियाची 'बीपीजेपीएच' ही सरकारी हलाल संस्था वेगळी. एकाचा शिक्का दुसरीकडे चालेलच असं नाही.

न्हावा शेवाला माल नेणाऱ्या गाडीत आधी काय होतं, हे ड्रायव्हरला नाही, ट्रान्सपोर्टरला विचारा आणि धुतल्याची नोंद मागा. मलेशियाच्या नियमांत डुकराचं मांस वाहिलेला कंटेनर सात वेळा धुवावा लागतो, त्यातलं एक पाणी मातीचं. आपल्याकडे होजपाइप मारला की गाडी धुतली.

आणि ब्रश. ट्रेला तूप लावायचा आमचा ब्रश बोहरी आळीतून आणलेला, पांढऱ्या केसांचा, वर्षानुवर्षं तोच. हलालचे ऑडिटर आले, फायलींना हात न लावता त्यांनी ब्रशचा एक केस उपटला आणि काडी पेटवून धरला. नायलॉन असता तर वितळून गोळी झाली असती. जळक्या केसांचा वास आला, म्हणजे केस प्राण्याचा, बहुधा डुकराचा. शिफ्टचे शिंदेकाका माझ्याकडे बघायला लागले, मी ट्रेच्या रांगेकडे.