विंडोज किती, लिनक्स किती? मोजताना या चुका टाळा

रत्नागिरी-गुहागर पट्ट्यातल्या आंबा बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट मी सांभाळतो. आंबा संपला, पावसाने सगळ्यांना घरात बसवलं, की एक प्रश्न हमखास येतो: आपली गिऱ्हाइकं येतात कशावरून? विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स (विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालणारी फुकट प्रणाली) की आणखी काही? उत्तर काढताना मी बऱ्याचदा तोंडावर पडलोय, म्हणून हे लिहून ठेवतो.

पेटी मोजली की आंबा?

कोणी म्हणालं, 'यंदा शंभर पेट्या गेल्या', तर आपण लगेच विचारतो, चार डझनी की सहा डझनी? टक्केवारीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. वेबसाइटवरची वर्दळ मोजणारं स्टॅटकाउंटर मोजतं ती उघडलेली पानं. ज्या साइटवर त्यांचा कोड बसवलाय तिथे एकाच माणसाने पन्नास पानं चाळली, तर त्याच्या खात्यात पन्नास जमा. तसंच मोजणारं नेटमार्केटशेअर 2020 मध्ये बंद होईपर्यंत वेगवेगळे पाहुणे मोजायचं, आणि कुठल्या देशात इंटरनेट वापरणारे किती, यानुसार आकड्याला वजन द्यायचं. त्यामुळे एकाच महिन्याचे दोघांचे आकडे जुळायचे नाहीत, आणि तरी खोटं कोणीच बोलत नसायचं.

मार्च 2017 मध्ये स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत अँड्रॉइड 37.93 टक्के आणि विंडोज 37.91 टक्के झालं. 'अँड्रॉइडने विंडोजला मागे टाकलं' अशा बातम्या झाल्या. ही तुलना फोन, टॅब्लेट, कॉम्प्युटर सगळं एका टोपलीत घालून केलेली होती. ज्याला लॅपटॉपसाठी सॉफ्टवेअर बनवायचंय त्याच्या ती काहीच कामाची नव्हती. आधी ठरवा, तुमची टोपली कुठली.

हा लिनक्स कोण?

गुहागरजवळच्या एका होमस्टेच्या साइटच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कशावरून आलं याच्या नोंदवहीत, मला लिनक्सवाले पाहुणे भरपूर दिसायला लागले. मी खुशीत. मालक काकांना सांगितलंही, की आयटीवाली मंडळी तुमच्याकडे वळतायत, वायफाय तेवढं चांगलं घ्या. काकांनी घेतलं.

पुढे एकदा त्यांच्या पडवीत बसलो होतो. मुंबईहून आलेल्या त्यांच्या भाचीने फोनवर बुकिंगचं कॅलेंडर उघडलं. शनिवार-रविवारचे रकाने पडद्याबाहेर कापले जात होते. तिने क्रोमचे तीन ठिपके दाबले, 'डेस्कटॉप साइट'वर टिक केलं, कॅलेंडर अख्खं दिसलं. आणि माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर लॉगची नवी ओळ सरकली: 'एक्स11, लिनक्स एक्स86_64'.

अँड्रॉइडवरचा क्रोम डेस्कटॉप साइट मागताना स्वतःची ओळख लिनक्स कॉम्प्युटर म्हणून सांगतो. माझे आयटीवाले म्हणजे मीच वाकडं बनवलेलं कॅलेंडर सरळ करून बघणारे फोनवाले होते. कॅलेंडर दुरुस्त केलं आणि महिन्याभरात लिनक्स ओसरला. काकांनी विचारलं, "काय रे, तुझे ते वायफायवाले गेले कुठे?" काय सांगणार!

तेव्हा लिनक्स अचानक वाढलेला दिसला तर आधी पडद्याचा आकार बघा. लिनक्स म्हणवणाऱ्या यंत्राची रुंदी फोनाएवढी भरत असेल, तर तो फोनच. दुसरं, सर्व्हरचा कच्चा लॉग वाचत असाल तर बॉट, म्हणजे माणसाऐवजी पानं उघडणारे प्रोग्राम, आधी चाळून काढा. त्यातले पुष्कळ लिनक्स सर्व्हरवरूनच येतात.

ब्राउझर सांगेल ते नाव खरं नव्हे

साइट उघडताना ब्राउझर स्वतःची ओळख एका ओळीत सांगतो. विंडोज 11 वरचा ब्राउझरसुद्धा त्यात 'विंडोज एनटी 10.0' असंच सांगतो. नुसत्या त्या ओळीवरून 10 आणि 11 वेगळे काढता येत नाहीत. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून 'अजून किती जण 10 वर आहेत' हे सगळ्यांना हवं असतं, आणि लोक जुन्या लॉगमधून बेधडक आकडे काढतात. क्रोम आणि एज यांना 'क्लायंट हिंट्स'मधून, म्हणजे साइटने विचारल्यावर ब्राउझर देतो त्या जादा माहितीतून, प्लॅटफॉर्मची आवृत्ती वेगळी विचारावी लागते. उत्तर 13 किंवा त्याहून मोठं आलं तर विंडोज 11. फायरफॉक्स हे उत्तर देत नाही, त्याला तसाच सोडा.

मॅकचंही तेच. नवाकोरा मॅक असला तरी ब्राउझर '10_15_7' वर अडकलेला. सगळे मॅकच्या त्या जुन्या आवृत्तीवर, कॅटालिनावर, बसलेत असं समजू नका. आणि 2019 च्या आयपॅडओएस 13 पासून आयपॅडवरची सफारी मुळातच स्वतःला मॅक म्हणवते.

एक यंत्र, सारा गाव

दाखल्यांच्या दिवसांत ई-सेवा केंद्रातल्या एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात किती जण लॉगिन करतात, बघा कधीतरी. लॉगिन मोजलीत तर ते एक यंत्र पन्नास होतं. मोठ्यांचीही हीच फसगत झालीय. गेमच्या स्टीम दुकानाची मालक कंपनी व्हॉल्व्ह दर महिन्याला हार्डवेअर सर्वेक्षण काढते. त्यात सायबर कॅफेतली गिऱ्हाइकं काही महिने जास्त वेळा मोजली गेली आणि विंडोज 7 व चिनी भाषेचा वाटा फुगला. मे 2018 मध्ये कंपनीने चूक मान्य करून मोजणी दुरुस्त केली. शिवाय ते सर्वेक्षण गेम खेळणाऱ्यांचं. बँकेतल्या किंवा तहसील कचेरीतल्या कॉम्प्युटरचा त्यात पत्ता नसतो.

विक्रीच्या आकड्यांवरही भिस्त ठेवू नका. आपल्याकडे 'डॉस'वाला, म्हणजे विंडोज न घातलेला, लॅपटॉप स्वस्त पडतो म्हणून घेतात आणि दुकानातून बाहेर पडण्याआधीच त्यात विंडोज टाकून घेतात. कागदावर एक, पडद्यावर दुसरंच.

लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची माहिती देणाऱ्या डिस्ट्रोवॉच साइटच्या यादीत जे लिनक्स वर तेच लोकप्रिय, हा गैरसमज तर फारच पसरलाय. त्या साइटवरचं त्या लिनक्सचं पान किती जणांनी उघडलं, एवढंच ती यादी सांगते. वापराशी तिचा संबंध लावू नका, असं ते स्वतःच म्हणतात.

कुठला महिना कुठल्या महिन्याशी?

माझ्या आंब्याच्या साइटवर एप्रिल-मे मध्ये दुपारी विंडोज चढतं, कारण मुंबई-पुण्याची मंडळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पेटी मागवतात. गणपतीत तेच चाकरमानी गावी असतात आणि सगळा कारभार फोनवर. मे ची सप्टेंबरशी तुलना केली तर वाटेल, विंडोज कोसळलं. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करा, आणि तीही गणपतीची तारीख बघून, कारण ती कधी ऑगस्टात येते, कधी सप्टेंबरात.

आणि तक्त्यात 'अज्ञात' नावाचा रकाना असतो, तो लपवू नका. पूर्वी मी तो बाकीच्यांत वाटून बेरीज गोड शंभर करून द्यायचो. आता तसाच छापतो. गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? मी सांगतो, ओळख न सांगता आलेले पाहुणे.