बसकण मारणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला चालवायचं कसं

लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू रस्त्यात बसलं, तर ओढू नका. ओढलं की ते उलट्या दिशेने जोर लावतं. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) आणि ६ फुटी दोरी घ्या. सुरुवात घरातच. दोरी सैल ठेवून एक पाऊल पुढे जा, थांबा. पिल्लू आलं की वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा लगेच द्या. बसल्यावर खाऊ दिलात, तर ते बसायलाच शिकेल! एका वेळी ५ मिनिटं पुरे.

लसीकरण पूर्ण झालं की सकाळी शांत गल्लीत न्या, नाशिकच्या गंगापूर रोडसारखी वर्दळ नंतर. नाशिकच्या मे महिन्यात डांबरावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही भाजतील. लंगडणं किंवा अचानक थांबणं हा हट्ट नव्हे. मोठ्या जातींत सांधे दुखत असू शकतात, आधी पशुवैद्याला दाखवा.