स्टीमच्या सर्वेक्षणावरून प्रोसेसरचा बाजार जोखताना या चुका टाळा

दर महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला व्हॉल्व्ह कंपनी स्टीम या आपल्या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या हार्डवेअर सर्वेक्षणाचे, म्हणजे गिऱ्हाइकांकडे कोणती यंत्रे आहेत याचे, आकडे जाहीर करते आणि रात्र पडण्याआधीच प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी इंटेल सावरली की एएमडीने बाजी मारली याचे निकाल लागलेले असतात. हे सर्वेक्षण मी बरीच वर्षे वाचतो आहे आणि ते टाकाऊ आहे असे माझे मुळीच मत नाही. मात्र त्याच त्या चुका, त्याही बहुधा पहिला तक्ता पाहून उठणाऱ्या उतावळ्या मंडळींच्या, पाहून आता कंटाळा आला आहे.

एका महिन्याच्या उडीला कल समजणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याला मोजायला लावली आहे. २०१७च्या मार्चमध्ये एएमडीचा रायझन हा नवा प्रोसेसर बाजारात आला. त्याची विक्री चांगली चाललेली असतानाही स्टीमच्या तक्त्यात एएमडीचा वाटा २०१७च्या उत्तरार्धात घसरत गेला. पुण्यातील एका ओळखीच्या दुकानदारांना मी संगणकाच्या सुट्या भागांच्या खरेदीबाबत सल्ला देत असे. २०१८च्या फेब्रुवारीत मी त्यांच्यापुढे महिन्यामहिन्याचा तक्ता ठेवला आणि रायझन ज्यांवर बसतो त्या एएम४ मदरबोर्डची ऑर्डर निम्म्यावर आणा, असे ठासून सांगितले. त्याच महिन्यात रायझन २२००जी आणि २४००जी आले. क्रिप्टोच्या मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव तेव्हा आकाशाला भिडले होते आणि हे दोन प्रोसेसर वेगळ्या कार्डाशिवाय बऱ्यापैकी गेम चालवत असल्यामुळे गिऱ्हाईक येऊन तेच मागू लागले. दुकानात बोर्ड नव्हते. शेठ एवढेच म्हणाले, "सर, तुमच्या स्टीमला विचारा, या पोरांना आता काय विकू?"

मे महिन्याच्या सुरुवातीला, एप्रिल २०१८च्या आकड्यांबरोबर, व्हॉल्व्हने स्वतःच खुलासा केला. एक यंत्र वर्षातून एकदाच मोजले जावे यासाठीची नोंद त्या यंत्रावरच ठेवली जात असे, परंतु अनेक सायबर कॅफे आपली यंत्रे ज्या रीतीने सांभाळतात त्या रीतीमुळे तेथील गिऱ्हाइके पुन्हा पुन्हा मोजली जात होती. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. रीस्टार्ट होताच सर्व काही पूर्ववत करणारी व्यवस्था आपल्याकडच्या कॅफेंतही असे, आणि जे यंत्र दर वेळी सारे विसरते ते आपण मोजले गेलो हेही विसरणारच. ऑगस्ट २०१७च्या सुमारास आशियातील कॅफेंमध्ये स्टीमचा वापर वाढला, त्याबरोबर सर्वेक्षणाच्या भाषेच्या तक्त्यात सरळीकृत चिनी भाषेचा वाटा निम्म्याच्याही पुढे गेला, विंडोज ७ वाढले, चार कोअरचे प्रोसेसर वाढले आणि एएमडी आपोआप आकसला.

हे कसे घडते ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. कॅफेंमध्ये एएमडीचा वाटा ५ टक्के आणि घरगुती संगणकांत २० टक्के आहे, असे धरा. नमुन्यात कॅफे २० टक्के असतील तर एकूण वाटा १७ टक्के निघतो. कॅफे ६० टक्के झाले की तोच ११ टक्क्यांवर येतो. या दोन महिन्यांत एकाही माणसाने आपला प्रोसेसर बदललेला नसतो.

तो दोष दुरुस्त झाला, म्हणून अशा उड्या संपल्या असे नाही. मार्च २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भाषेचा वाटा एकाच महिन्यात वाढून एकूण मोजणीच्या निम्म्यापर्यंत जाऊन पुढच्या महिन्यात खाली आला. म्हणून माझा शिरस्ता असा आहे की प्रोसेसरच्या तक्त्याआधी भाषेचा तक्ता उघडायचा. चिनी किंवा इंग्रजीचा आकडा चार-पाच अंकांनी हललेला दिसला की तो महिना मी वहीत पेन्सिलीने लिहितो आणि पुढचे दोन महिने येईपर्यंत त्यावर बोलत नाही. तुलना करायचीच असेल तर ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतो. यात शास्त्र फारसे नाही, सवय आहे. पण तिने मला २०१८च्या त्या फेब्रुवारीनंतर तोंडघशी पाडलेले नाही.

वापरातील यंत्रे आणि विक्री यांची गल्लत

स्टीमचे सर्वेक्षण लोकांच्या घरी चालू असलेली यंत्रे मोजते, दुकानातून बाहेर पडणारी नव्हे. २०१९च्या उन्हाळ्यात जर्मनीतील माइंडफॅक्टरी या विक्रेत्याकडे विकल्या जाणाऱ्या दर पाच प्रोसेसरांपैकी सुमारे चार एएमडीचे होते, आणि त्याच वेळी स्टीमवर एएमडीचा वाटा एक-पंचमांशाच्या आसपास होता. यावरून दोहोंपैकी एक खोटारडा ठरवून भांडणे झाली. वस्तुतः माइंडफॅक्टरीत सुटा प्रोसेसर विकत घेऊन स्वतः जोडणी करणारा हौशी गिऱ्हाईक दिसतो. स्टीमवर सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप चालवणारा विद्यार्थीही दिसतो. दर वर्षी पाचातील एकच यंत्र बदलले जाते आणि नव्या दहांपैकी सहा एएमडीची असतात, असे धरले तरी २० टक्क्यांचा वाटा वर्षभरात २८ टक्क्यांपर्यंतच पोहोचतो. कारखान्यातून किती माल निघाला हे हवे असेल तर मर्क्युरी रिसर्च या बाजार-संशोधन संस्थेचे तिमाही अंदाज पाहावेत. पासमार्क या संकेतस्थळाचा आलेख मात्र बेंचमार्क, म्हणजे यंत्राचा वेग तपासणारी चाचणी, चालवणाऱ्यांचा आहे, आणि जो बेंचमार्क चालवतो तो बहुधा नुकतेच काहीतरी विकत घेतलेला माणूस असतो.

उरलेल्या चुका

१७ वरून १८ टक्के झाले याला 'एक टक्का वाढ' म्हणू नका. वाटा एका अंकाने वाढला, वाढ जवळजवळ ६ टक्के आहे.

लिनक्सच्या तक्त्यातील एएमडीचा भरघोस वाटा दाखवून निष्कर्ष काढणाऱ्यांनी, स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या लिनक्सवर चालणाऱ्या, हातात धरून खेळायच्या यंत्रामध्ये एएमडीचीच चिप असते, हे आधी लक्षात घ्यावे.

प्रोसेसरच्या तक्त्यात कंपनी, वेग आणि कोअरची संख्या मिळते, मॉडेलचे नाव नव्हे. तेव्हा अमुक रायझन किती खपला हे त्यातून काढण्याचा खटाटोप करू नये.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्समध्ये एएमडीच्या चिप असल्या तरी त्या या मोजणीत येत नाहीत, त्यामुळे 'गेमिंगचा बाजार' हा शब्दच येथे सैल पडतो.

'नमुना मोठा आहे, म्हणजे बरोबरच असणार'

हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. मुळात किती जणांनी भाग घेतला हे व्हॉल्व्ह सांगतच नाही. सहभाग ऐच्छिक असतो. विचारणा आली की अनेक जण वाचल्याशिवायच ती खिडकी बंद करतात. शिवाय मोठ्या नमुन्याने यादृच्छिक चूक घटते, एका बाजूला झुकलेला नमुना सरळ होत नाही. २०१७-१८ची मोजणी काही मूठभर यंत्रांची नव्हती, तरीही ती सात महिने चुकीची राहिली. ते दुकानदार आजही मला एखादा आकडा विचारतात, आणि मी सांगितला की आधी म्हणतात, "भाषेचा तक्ता पाहिलात ना?"